यादीत नाव, तरीही मत नाही : ब्रिटनमधील युरोपीय नागरिक आणि २०१९ची युरोपीय संसद निवडणूक

२ मे २०१९ रोजी इंग्लंडच्या बऱ्याच भागांत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका झाल्या. तेथे राहणाऱ्या पोलिश, इटालियन, पोर्तुगीज, स्लोव्हाक, फ्रेंच अशा युरोपीय महासंघातील इतर देशांच्या नागरिकांनी त्या दिवशी आपापल्या प्रभागातील मतदान केंद्रावर जाऊन विनासायास मत दिले. तीनच आठवड्यांनी, २३ मे रोजी, युरोपीय संसदेच्या निवडणुकीसाठी त्यांतले अनेक जण त्याच केंद्रावर पुन्हा गेले, तेव्हा त्यांना मतपत्रिका मिळाली नाही. यादीत त्यांचे नाव होते, पत्ताही बरोबर होता, पण कित्येक ठिकाणी त्या नावावर रेघ ओढलेली होती. ब्रिटिश मतदार यादीत अशा मतदारांच्या नावापुढे एक अक्षर छापलेले असते. 'जी' असेल तर मत फक्त स्थानिक निवडणुकीत देता येते आणि 'के' असेल तर स्थानिक व युरोपीय अशा दोन्ही निवडणुकांत देता येते. परत पाठवलेल्या मतदारांच्या नावापुढे 'के' नव्हते. केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांना यादीबाहेर जाऊन काही करण्याचा अधिकार नव्हता आणि त्या दिवशी फॉर्म भरून नाव दुरुस्त करून घेण्याची सोयही नव्हती.

किती जणांना परत पाठवले याची मोजदाद केंद्रांवर होत नव्हती, पण त्या दिवशी सकाळपासून देशभरातून तक्रारी आल्या, आणि ब्रिटनच्या निवडणूक आयोगाने त्याच दिवशी निवेदन काढून या नागरिकांची नाराजी समजण्यासारखी असल्याचे मान्य केले. एरवी शिस्तशीर समजल्या जाणाऱ्या निवडणूक यंत्रणेत हे कसे घडले, याचा हा अभ्यास आहे. कायद्याने दिलेला हक्क कोणी काढून घेतला नव्हता. तो एका फॉर्मवर अवलंबून ठेवला होता, आणि तो फॉर्म भरायला पुरेसा वेळ उरणार नाही असे वेळापत्रक सरकारच्या निर्णयांतून तयार झाले होते. माझ्या मते हक्क नाकारण्याचाच हा एक प्रकार आहे आणि त्याकडे त्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे.

हक्काचे मूळ

युरोपीय संसदेच्या थेट निवडणुका १९७९ पासून होतात. सुरुवातीला प्रत्येक देश साधारणपणे आपल्याच नागरिकांना मत देऊ देत असे. दुसऱ्या सदस्य देशात राहणाऱ्या माणसाला मायदेशी जावे लागे किंवा त्याच्या देशाने सोय केली असेल तर वकिलातीत मत द्यावे लागे. १ नोव्हेंबर १९९३ रोजी मास्ट्रिच करार अमलात आला आणि त्याने सदस्य देशांच्या नागरिकांना महासंघाचे समान नागरिकत्व दिले. या नागरिकत्वाला जोडून दोन राजकीय हक्क आले. ज्या सदस्य देशात आपण राहतो तेथील स्थानिक निवडणुकीत मत देण्याचा व उभे राहण्याचा हक्क हा पहिला, आणि युरोपीय संसदेच्या निवडणुकीत तेथूनच मत देण्याचा व उभे राहण्याचा हक्क हा दुसरा. दोन्हींसाठी कसोटी एकच होती, ती म्हणजे त्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना ज्या अटी लागू असतील त्याच अटी. दुसऱ्या हक्काचा तपशील ६ डिसेंबर १९९३च्या, ९३/१०९ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या निर्देशात (निर्देश म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा महासंघाचा नियम) ठरवला गेला आणि जून १९९४च्या निवडणुकीत तो प्रथम वापरला गेला.

या निर्देशात दोन हेतू शेजारी शेजारी मांडले आहेत आणि पुढचा सगळा गुंता त्यांच्या ताणातून निर्माण झाला. पहिला हेतू असा की कोणीही दोनदा मत देऊ नये. म्हणून कलम ९ नुसार परदेशी नागरिकाने यादीत नाव घालताना एक औपचारिक घोषणा द्यायची असते. तिच्यात तो आपले राष्ट्रीयत्व, पत्ता आणि मायदेशी शेवटचे नाव कोठल्या मतदारसंघात होते हे सांगतो, आणि आपण मत फक्त राहत्या देशात देऊ असे लिहून देतो. हा देश ती माहिती मायदेशाला कळवतो, म्हणजे तिकडच्या यादीतून त्याला त्या निवडणुकीपुरते वगळता येते. दुसरा हेतू त्याच कलमाच्या चौथ्या उपकलमात आहे. एकदा यादीत नाव आले की ते त्या देशाच्या स्वतःच्या मतदारांइतक्याच अटींवर यादीत राहिले पाहिजे. मतदाराने स्वतः नाव काढायला सांगितले किंवा त्याची पात्रताच संपली, तरच ते निघेल.

ब्रिटिश पद्धत

हा निर्देश ब्रिटनने ज्या प्रकारे राबवला त्यात दुसरा हेतू मागे पडला. २००१च्या नियमांनुसार युरोपीय नागरिकाला आधी नेहमीच्या मतदार यादीत नाव घालावे लागे. एवढ्याने त्याला स्थानिक निवडणुकीचे मत मिळत असे. युरोपीय निवडणुकीसाठी त्याने आणखी एक घोषणा भरून द्यायची होती. तिचा फॉर्म 'यूसी१' किंवा 'ईसी६' या नावाने ओळखला जाई. या घोषणेवर आधारलेली नोंद बारा महिनेच टिकत असे. निवडणूक पाच वर्षांनी एकदा, आणि नोंदीचे आयुष्य एक वर्ष! २०१४ मध्ये हाच फॉर्म भरून मत दिलेल्या माणसालाही २०१९ मध्ये तो पुन्हा भरणे भाग होते, मग तो मधली पाच वर्षे त्याच घरात राहून नगरपालिकेचा कर भरत असला तरी. ब्रिटिश नागरिकाचे नाव मात्र घरोघरच्या वार्षिक पडताळणीतून यादीत तसेच पुढे जात राही.

या पद्धतीच्या बाजूने एक मुद्दा मांडता येतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. माणूस कोठे राहतो हे सहसा स्थिर असते, पण कोठल्या देशात मत द्यायचे हा निर्णय प्रत्येक निवडणुकीला बदलू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी ताजी घोषणा घेणे सयुक्तिक आहे, असे म्हणता येईल. जर्मनीने याच प्रश्नाचे दिलेले उत्तर मला अधिक पटते. तेथे १९९९ किंवा त्यानंतरच्या एखाद्या युरोपीय निवडणुकीसाठी परदेशी युरोपीय नागरिकाने एकदा अर्ज करून नाव घातले की पुढच्या निवडणुकांना ते आपोआप यादीत येते. तो देश सोडून गेला किंवा त्याने स्वतः नाव काढायला सांगितले तर गोष्ट वेगळी. मत बदलणाऱ्याला नाव काढून घेण्याची मोकळीक राहते आणि मत न बदलणाऱ्याला दर वेळी कागद शोधत फिरावे लागत नाही. चौथे उपकलम वाचले की त्याच्या शब्दांना जर्मन पद्धत जवळची आहे, हे सहज ध्यानात येते.

दुहेरी मतदान रोखण्यात या घोषणेचा उपयोग किती, हेही तपासायला हवे. सदस्य देशांच्या मतदार याद्या वेगवेगळ्या तारखांना बंद होतात, म्हणून एका देशाकडून निघालेली माहिती दुसऱ्या देशात पोहोचेपर्यंत तिकडची यादी पक्की झालेली असू शकते. ज्यांच्याकडे दोन सदस्य देशांचे नागरिकत्व आहे त्यांना तर ही घोषणा लागूच होत नाही, कारण दोन्हीकडे ते 'आपले' नागरिक असतात. २०१४ मध्ये जर्मन आणि इटालियन असे दोन्ही पासपोर्ट असलेल्या एका नामांकित जर्मन संपादकांनी दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत सहज सांगून टाकले की आपण एक मत इटालियन वकिलातीत आणि दुसरे हॅम्बुर्गमध्ये दिले, आणि त्यावरून जर्मनीत मोठा वाद झाला. दुहेरी मताचा धोका खरा असला तरी ब्रिटनमधला बारा महिने मुदतीचा फॉर्म त्याला फारसा अडवत नव्हता, आणि ज्यांच्या मनात एकच मत देण्याचा प्रामाणिक इरादा होता त्यांच्याच वाटेत तो आडवा येत होता.

हा दोष २०१९ मध्ये अचानक उघड झाला असेही नाही. २०१४च्या निवडणुकीतही काही युरोपीय नागरिकांना याच कारणाने परत जावे लागले होते, आणि त्यानंतर निवडणूक आयोगाने ही प्रक्रिया सोपी करावी अशी मागणी सरकारपुढे ठेवली होती. नियम बदलणे आयोगाच्या हातात नव्हते, ते काम सरकार आणि संसदेचे होते. ते झाले नाही. महासंघातून बाहेर पडण्याचा कौल देणाऱ्या जून २०१६च्या सार्वमतानंतर ब्रिटन पुन्हा कधी युरोपीय संसदेची निवडणूक घेईल असे कोणाला वाटत नव्हते, त्यामुळे ही दुरुस्ती करायला तेथे कोणाला घाई राहिली नसावी.

वेळापत्रक

ब्रिटनने २९ मार्च २०१९ रोजी महासंघातून बाहेर पडायचे होते. बाहेर पडण्याच्या अटींचा करार ब्रिटिश संसदेत मंजूर होईना म्हणून ती तारीख आधी १२ एप्रिलवर गेली आणि मग १० एप्रिलच्या रात्री ब्रुसेल्समध्ये चाललेल्या बैठकीत ती ३१ ऑक्टोबरपर्यंत लांबली. मुदतवाढीला अट होती. ब्रिटन मे अखेरीस सदस्य असेल तर त्याने युरोपीय संसदेची निवडणूक घेतलीच पाहिजे, नाही तर १ जूनला बाहेर पडावे. सरकारने त्याआधीच, ८ एप्रिलला, २३ मे हा मतदानाचा दिवस ठरवणारा आदेश काढला होता. पण निवडणुकीआधी करार मंजूर झाला तर ती रद्द करू, असे सरकार सांगत राहिले. निवडणूक होणार की नाही हेच नक्की नसलेल्या त्या आठवड्यांत एखाद्या पोलिश किंवा पोर्तुगीज कुटुंबाला एका वेगळ्या फॉर्मचा पाठपुरावा करायला कोणी आणि का सांगावे, हा प्रश्न होताच.

मतदार नोंदणीची आणि त्या फॉर्मचीही शेवटची तारीख होती ७ मे. आदल्या दिवशी, ६ मेला, सार्वजनिक सुटी होती. आणि नेमक्या ७ मेलाच मंत्री डेव्हिड लिडिंग्टन यांनी जाहीर केले की करार वेळेत मंजूर होणे शक्य नाही आणि ब्रिटन या निवडणुकीत भाग घेणार. निवडणूक नक्की झाल्याचे सरकारने सांगितले तो दिवस आणि तिच्यासाठी कागद देण्याचा अखेरचा दिवस एकच होता. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत गंभीर वाटते ती हीच गोष्ट.

त्यात स्थानिक पातळीवरचा फरक मिळाला. मतदार नोंदणी अधिकारी प्रत्येक परिषदेत, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेत, वेगळा असतो. काही परिषदांनी यादीतील प्रत्येक युरोपीय नागरिकाला फॉर्म टपालाने पाठवला, काहींनी ईमेल केला, काहींकडून पत्र उशिरा पोहोचले, तर काही ठिकाणी संकेतस्थळावरच्या सूचनेवर भागवले गेले. त्याच अधिकाऱ्यांवर २ मेच्या स्थानिक निवडणुकीचेही ओझे होते, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. मतदाराच्या दृष्टीने आणखी एक फसवी गोष्ट घडली. सरकारी संकेतस्थळावर मतदार नोंदणी ऑनलाइन करता येत असे, पण ही घोषणा तिचा भाग नव्हती. फॉर्म वेगळा उतरवून घेऊन, छापून, सही करून पाठवायचा होता. ज्याने नोंदणी केली, ज्याला मतदानाचे कार्ड घरी आलेले आठवत होते आणि ज्याने २ मेला मत दिले, त्याने आपले काही राहिले आहे असे का समजावे?

मग मायदेशी मत द्यायचे होते, असे म्हणणारेही होते. कायद्याने तो पर्याय खुला होता. प्रत्यक्षात मे महिन्यात बहुतेक देशांत परदेशस्थ मतदारांच्या नोंदणीची मुदत संपलेली होती किंवा संपत आली होती. शिवाय २०१९ मध्ये चेकिया आणि स्लोव्हाकिया हे देश परदेशातून मत देण्याची सोयच देत नव्हते. लंडनमध्ये काम करणाऱ्या स्लोव्हाक माणसाला यूसी१ फॉर्म भरता आला नाही तर मतासाठी विमानाने मायदेशी जाणे एवढाच मार्ग उरत होता. आयर्लंड आणि माल्टा यांनीही ती सोय दिली नव्हती, पण त्यांच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये हा फॉर्म भरावाच लागत नव्हता.

राष्ट्रकुलाचा दरवाजा आणि गोव्याची गोष्ट

आयरिश आणि माल्टीज नागरिकांना सूट का होती, याचे उत्तर ब्रिटनच्या जुन्या मताधिकारात आहे. ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत ब्रिटिश नागरिकांबरोबर आयर्लंडचे आणि राष्ट्रकुल देशांचे नागरिकही मत देऊ शकतात. राष्ट्रकुलातील माणसाकडे देशात राहण्याची वैध परवानगी असली की पुरे. २००२च्या युरोपीय संसद निवडणूक कायद्याने असे ठरवले होते की ज्याला ब्रिटिश संसदेसाठी मत आहे त्याला युरोपीय संसदेसाठीही आहे. त्यामुळे माल्टा आणि सायप्रस या राष्ट्रकुलातील सदस्य देशांचे लोक वेगळ्या घोषणेशिवाय मत देऊ शकत होते. आणि त्याच नियमाने भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहणारी माणसेही युरोपीय संसदेसाठी मत देऊ शकत होती. पुण्याहून लीड्सला शिकायला गेलेला विद्यार्थी मतदार यादीत असेल तर त्याला २३ मे रोजी मतपत्रिका हातात मिळाली असती. त्याच रांगेतल्या पोलिश शेजाऱ्याला यूसी१ नसेल तर मिळाली नसती. युरोपीय महासंघाशी ज्याचा नागरिकत्वाचा काहीही संबंध नाही त्याला महासंघाच्या संसदेत आपोआप मत, आणि महासंघाच्या नागरिकाला मात्र दर वर्षी नवा कागद!

राष्ट्रकुलातील नागरिकांना असा हक्क देणे कायदेशीर आहे का, हा प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेला होता. त्याची सुरुवात स्पेनच्या दक्षिण टोकाला असलेल्या जिब्राल्टर या ब्रिटिश प्रदेशापासून झाली. तेथील रहिवाशांना युरोपीय संसदेसाठी मतच नव्हते. 'मॅथ्यूज विरुद्ध युनायटेड किंग्डम' या खटल्यात १८ फेब्रुवारी १९९९ रोजी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने हा मुक्त निवडणुकीच्या हक्काचा भंग ठरवला. त्यानंतर ब्रिटनने २००३ मध्ये कायदा करून जिब्राल्टर इंग्लंडच्या नैर्ऋत्य मतदारसंघाला जोडले आणि तेथे राहणाऱ्या राष्ट्रकुल नागरिकांनाही मत दिले. स्पेनने त्याला आव्हान दिले. महासंघाचे नागरिक नसलेल्यांना युरोपीय संसदेचे मत देता येणार नाही, असा त्याच्या आव्हानातील एक प्रमुख मुद्दा होता. १२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने स्पेनची मागणी फेटाळली. आपल्याशी निकटचा संबंध असलेल्या इतर लोकांना हा मताधिकार द्यायचा की नाही हे सदस्य देश ठरवू शकतो, असा त्या निकालाचा गाभा होता. त्याच दिवशी न्यायालयाने नेदरलँड्सच्या राज्यात मोडणाऱ्या कॅरिबियनमधील अरुबा बेटाच्या प्रकरणात दुसरी बाजू सांगितली. नेदरलँड्सने परदेशात राहणाऱ्या आपल्या नागरिकांना मत दिले होते, पण अरुबामध्ये राहणाऱ्या आपल्याच नागरिकांना दिले नव्हते. या फरकाला योग्य कारण दाखवता न आल्याने तो समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरला. मताधिकाराचे वर्तुळ मोठे करायला देश मोकळा आहे, पण ते आखताना सारख्या परिस्थितीतल्या माणसांत विनाकारण भेद करायला तो मोकळा नाही, असे हे दोन निकाल एकत्र वाचल्यावर दिसते. २३ मेच्या प्रकरणाला हीच कसोटी लावावी असे मला वाटते.

गोव्यातील वाचकांना या फरकाचे एक ठळक उदाहरण परिचयाचे असेल. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्यांना, आणि पुढे त्यांच्या मुला-नातवंडांना, पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करून घेता येते. या वाटेने हजारो गोमंतकीय ब्रिटनमध्ये गेले आणि स्विंडनसारख्या गावांत त्यांची मोठी वस्ती झाली. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून पोर्तुगीज नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. परदेशस्थ भारतीयाचे 'ओसीआय' कार्ड मिळाले तरी ते नागरिकत्व नसते. मताधिकाराच्या दृष्टीने याचा परिणाम असा की तो माणूस राष्ट्रकुल नागरिकांच्या गटातून निघून युरोपीय नागरिकांच्या गटात येतो. ब्रिटिश संसदेचे मत जाते आणि युरोपीय संसदेचे मत फॉर्मवर अवलंबून राहते. स्विंडनमध्ये एकाच घरात राहणाऱ्या नवरा-बायकोपैकी एकाकडे भारतीय पासपोर्ट आणि दुसऱ्याकडे पोर्तुगीज असेल, तर २३ मे रोजी भारतीय पासपोर्टधारकाला मत मिळाले असते आणि पोर्तुगीज पासपोर्टधारकाला कदाचित मिळाले नसते. ज्या पासपोर्टच्या जोरावर युरोपात राहण्याचा हक्क मिळाला, तोच पासपोर्ट युरोपाच्या मतपेटीपाशी अपुरा पडावा, ही परिस्थिती कोणत्याही कायद्याने मुद्दाम निर्माण केली नव्हती. वेगवेगळ्या काळातले नियम एकावर एक साचत गेले आणि त्यांचा एकत्र विचार कोणी केला नाही, यातून ती तयार झाली.

उमेदवारीचा हक्क

मत देण्याच्या हक्काबरोबरच उभे राहण्याचा हक्कही त्याच निर्देशाने दिला आहे. त्याचा इतिहास थोडा आधीचा आहे. इटलीने १९८९ मध्येच इतर सदस्य देशांच्या नागरिकांना आपल्याकडे उमेदवारी खुली केली. त्या वर्षी फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस दुव्हेर्जे इटालियन कम्युनिस्ट पक्षाच्या यादीतून निवडून आले, तर ब्रिटनचे उदारमतवादी नेते डेव्हिड स्टील तेथेच उभे राहून पराभूत झाले. पुढे जर्मन नागरिक असलेले दानिएल कोन-बेंदित १९९९ मध्ये फ्रान्समधून निवडून आले. २०१९ मध्ये ग्रीसचे माजी अर्थमंत्री यानिस वरुफाकिस जर्मनीत उभे राहिले, पण त्यांना जागा मिळाली नाही.

या नामांकित मंडळींपलीकडे हा हक्क फारसा वापरला गेला नाही, आणि त्याचे एक कारण पुन्हा कागदात होते. उमेदवाराला आपला उमेदवारीचा हक्क मायदेशाने काढून घेतलेला नाही, असे मायदेशाचे प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावे लागे. ते कोणत्या कार्यालयातून मिळते हेच अनेकांना कळत नसे. २०१३च्या दुरुस्तीने हा भार हलवला. आता उमेदवाराने स्वतःची घोषणा द्यायची, आणि राहत्या देशाने मायदेशाकडे चौकशी करायची. मायदेशाने साधारण पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे. ज्याच्याकडे माहिती आहे त्या दोन शासनांनी आपसात बोलावे आणि नागरिकाला मध्ये पळवू नये, हा विचार उमेदवारांच्या बाबतीत स्वीकारला गेला. मतदारांच्या बाबतीत ब्रिटनने तो स्वीकारला असता तर २३ मेचा प्रसंग टळला असता.

उमेदवारीत दुसरा अडथळा राजकीय पक्षांचा असतो. युरोपीय निवडणूक प्रमाणशीर पद्धतीने होते आणि बहुतेक ठिकाणी पक्षाच्या यादीत नाव आल्याशिवाय निवडून येणे अवघड असते. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये अपक्षालाही ५,००० पौंड अनामत भरावी लागत होती. अशा वेळी परदेशी नागरिकाला पक्षाचे सदस्यच होता येत नसेल तर उमेदवारीचा हक्क पोकळ ठरतो. चेकिया आणि पोलंड यांच्या कायद्यांत नेमके असेच होते, पक्षाचे सदस्यत्व फक्त स्वतःच्या नागरिकांना. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने दोन्ही देशांच्या या तरतुदी महासंघाच्या कराराविरुद्ध ठरवल्या.

त्यानंतर

२३ मेच्या निवडणुकीत ब्रिटनमधून ७३ सदस्य निवडून आले. त्यांतले २९ ब्रेक्झिट पक्षाचे होते. परत पाठवलेल्या मतदारांमुळे एखादी जागा बदलली असती का, हे सांगता येणार नाही आणि या अभ्यासापुरता तो प्रश्न गौण आहे. निवडून आलेल्यांनी २ जुलैला जागा घेतल्या आणि ३१ जानेवारी २०२०च्या रात्री ब्रिटनबरोबर तेही संसदेबाहेर पडले. त्यांच्या ७३ जागांपैकी २७ इतर देशांत वाटल्या गेल्या. फ्रान्सच्या वाट्याला आलेल्या पाच जागांपैकी एकीवर इटालियन राजकारणी सांद्रो गोझी बसले, म्हणजे राहत्या देशातून उभे राहण्याच्या हक्काचा लाभ त्यांना ब्रिटनच्या रिकाम्या झालेल्या जागांमुळे प्रत्यक्ष मिळाला.

महासंघात राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकांची अवस्था मात्र उलट झाली. १९८४ पासून फ्रान्समध्ये राहणाऱ्या एका ब्रिटिश महिलेचे नाव मतदार यादीतून काढले गेले. पंधरा वर्षांहून अधिक काळ परदेशी राहिल्याने ब्रिटनमधले मत तिने आधीच गमावले होते, त्यामुळे आता तिला कोणत्याच देशात मत उरले नाही. ९ जून २०२२ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले की महासंघाचे नागरिकत्व सदस्य देशाच्या नागरिकत्वावर अवलंबून आहे आणि तो देश बाहेर पडला की त्याच्या नागरिकांचा हा मताधिकारही संपतो. कायद्याचा हा अर्थ बरोबर असेल, पण चाळीस वर्षांच्या आसपास एका गावात राहिलेल्या माणसाला कोठेच मत नसणे मला लोकशाहीला शोभणारे वाटत नाही. ब्रिटनने पंधरा वर्षांची मर्यादा जानेवारी २०२४ मध्ये उठवली, त्यामुळे अशा लोकांना निदान मायदेशाचे मत परत मिळाले.

निर्देशाची नवी मांडणी करण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने (महासंघाच्या कार्यकारी संस्थेने) नोव्हेंबर २०२१ मध्ये ठेवला, आणि त्यात घोषणेचे सर्व देशांना सारखे नमुने असावेत, हा एक भाग होता. ब्रिटनमधल्या युरोपीय नागरिकांचा स्थानिक मताधिकार मात्र ७ मे २०२४ पासून इंग्लंडमध्ये बदलला. २०२० अखेरच्या आधीपासून वैधपणे राहणाऱ्यांचा तो टिकला, आणि नंतर आलेल्यांपैकी ज्यांच्या देशाशी ब्रिटनचा परस्पर करार आहे त्यांनाच तो मिळतो. या करारांत पोर्तुगाल आहे, फ्रान्स आणि इटली नाहीत. म्हणून पोर्तुगीज पासपोर्टवर अलीकडे स्विंडनला आलेला गोमंतकीय तेथील परिषदेसाठी मत देऊ शकतो, त्याच्यासोबत आलेला इटालियन सहकारी देऊ शकत नाही. युरोपीय संसदेसाठी त्या गोमंतकीयाला आता ब्रिटिश मतदार यादीचा उपयोग नाही. जून २०२४च्या निवडणुकीत पोर्तुगालच्या २१ जागांसाठी त्याला मत द्यायचे असेल तर पोर्तुगीज यादीत नाव ठेवून त्यांच्या वकिलातीत जाणे हाच मार्ग होता, आणि तेथे यूसी१ फॉर्म कोणी मागत नव्हते.